पाटी नको, तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक वाचा: सिस्टिम्स सायन्ससाठी कॉलेज निवडण्याची रीत

जुलैत ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जाची, शेवटची तारीख उद्यावर आली की आमच्या ओसरीवर चपलांची रांग लागते. मागच्या पावसाळ्यात वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेले काका ओला रुमाल पिळत म्हणाले, "सर, पोराले कॉम्प्युटर नाही भेटून रायलं. सिस्टिम म्हनून काहीतरी हाय म्हनते, थे टाकू का?" पोरगं बाजूला मोबाइलवर कॉलेजांची यादी वरखाली करत होतं. साठ-सत्तर नावं होती. एकाही कॉलेजचा अभ्यासक्रम त्याने उघडला नव्हता.

बहुतेक घरांत हे असंच होतं. आधी फॉर्म, मग फी, मग कागदपत्रांची पळापळ, आणि आपण नेमकं काय शिकणार हे कळतं ते दुसऱ्या वर्षाला. इथे तोच क्रम सुलटा करून दिलाय. अकरावी सायन्सला गणित घेतलेली मुलंमुली आणि त्यांचे आईवडील डोळ्यांसमोर आहेत. तुमची बारावी होऊन गेली असेल तर टप्पा ३ आधी वाचा, कारण तिथलं काम तुमच्या घाईने हलत नाही.

टप्पा १: आधी नावाचा घोळ मिटवा

सिस्टिम्स सायन्स म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी मिळून कशा वागतात याचा गणिती अभ्यास. भूजल, वीजजाळं, साथीचा रोग, बाजारभाव, कारखान्याची साखळी, काहीही घ्या. साठा आणि प्रवाह, फीडबॅक, कंट्रोल, ऑप्टिमायझेशन, सिम्युलेशन, नेटवर्क हे त्यातले रोजचे शब्द.

अडचण अशी की भारतात बारावीनंतर थेट या नावाची पदवी शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत सिस्टिम्स सायन्स अँड इंजिनिअरिंग नावाने पदवी मिळते. पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत पदव्युत्तर आणि पीएच.डी. आहे, नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठात सिस्टिम डायनॅमिक्सची मास्टर्स आहे. आपल्याकडे हा विषय वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला आहे. आयआयटी खरगपूरमध्ये इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा विभाग आहे. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग आहे आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्चही आहे. पुणे विद्यापीठात मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचा विभाग, दिल्ली विद्यापीठात ऑपरेशनल रिसर्चची एम.एस्सी. यातलं बरंचसं पदवीनंतरचं आहे.

म्हणून हिशोब साधा ठेवा. पदवीला पाया घालायचा, पदव्युत्तरला विषय गाठायचा. आत्ता तुम्ही निवडताय तो पाया.

या घोळात आम्ही स्वतः पडलोय. माझ्या पुतण्याच्या वेळी एका कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत "सिस्टिम्स" हा शब्द ठळक छापलेला होता. आम्ही तेवढाच वाचला. तिसऱ्या सेमिस्टरला पोरगं नेटवर्कची केबल कापून तिला टोकं बसवायचं प्रॅक्टिकल करून आलं, तेव्हा आमची ट्यूब पेटली. काम वाईट नाही, त्यावर पोट भरतं. पण त्याला हवं होतं ते हे नव्हतं, आणि वर्ष गेलं ते गेलं.

खबरदारी: इन्फॉर्मेशन सिस्टिम्स, कॉम्प्युटर सिस्टिम्स, एम्बेडेड सिस्टिम्स, मॅनेजमेंट इन्फॉर्मेशन सिस्टिम हे सगळे वेगळे विषय आहेत. नावात "सिस्टिम" दिसलं म्हणून यादीत घालू नका, आणि दिसलं नाही म्हणून काढूनही टाकू नका. इलेक्ट्रिकलच्या अभ्यासक्रमात सिस्टिम्स सायन्सचा पाया नावात "सिस्टिम" असलेल्या कितीतरी कोर्सेसपेक्षा पक्का असतो.

टप्पा २: वहीवर विहीर काढून बघा

हा विषय आपल्याला झेपतो का, आवडतो का, हे विचारायला कुठल्या समुपदेशकाकडे जायची गरज नाही. एक वही आणि एक संध्याकाळ पुरते.

समजा विहिरीत आज १२ हात पाणी आहे. रोज १ हात उपसा होतो. झऱ्याने पाणी येतं, पण पातळी जितकी खाली जाईल तितकं जास्त येतं: १२ मधून आजची पातळी वजा करायची आणि ८ ने भागायचं, तेवढे हात. पहिल्या दिवशी विहीर भरलेली, म्हणून झरा शून्य. दुसऱ्या दिवशी पातळी ११, झरा ०.१२५, उपसा १, म्हणजे तिसऱ्या सकाळी १०.१२५. असं तीस दिवस करत जा.

पातळी रोज घसरते, पण घसरण मंदावत जाते आणि महिनाभरात ती ४ हातांच्या आसपास येऊन टेकते. आता उपसा १ ऐवजी दीड हात करा आणि पुन्हा तीस दिवस चालवा. पातळी ४ वरून थोडी खाली येईल असं वाटतं. प्रत्यक्षात विहीर जवळपास तळाला जाते. उपसा दीडपट झाला आणि उरलेलं पाणी जवळजवळ संपलं.

इथे थांबून दुसऱ्या पानावर बाणांचं चित्र काढा. पाणी खाली गेलं, म्हणून नवीन बोअर मारलं. बोअरला कर्ज काढलं. कर्ज फेडायला संत्र्याची झाडं वाढवली. झाडं वाढली म्हणून उपसा वाढला, आणि पाणी आणखी खाली गेलं. बाण फिरून पहिल्याच जागी आला. वरुड-मोर्शीच्या माणसाला हे चक्र वहीत काढून दाखवावं लागत नाही, त्याने ते सातबाऱ्यावर पाहिलेलं असतं.

तपासा: तीस दिवसांचं गणित करताना कंटाळा आला, का "उपसा सव्वा केला तर?" असा प्रश्न आपोआप पडला? प्रश्न पडला असेल तर पुढे वाचा. आकडेमोडीचा कंटाळा आला पण बाणांचं चित्र आवडलं, तर मन शोधतंय ते कदाचित अर्थशास्त्र, पर्यावरण किंवा ग्रामविकास. दोन्ही नकोसं झालं असेल तर मित्र जातोय म्हणून या वाटेला जाऊ नका.

टप्पा ३: कागदपत्रं, अकरावीच्या दिवाळीतच

यात दोन तासांचंही काम दोन महिने खातं. माझ्याकडे आलेल्या दर दहातली दोन-तीन प्रकरणं गुणांमुळे नाही, कागदामुळे अडलेली असतात.

सगळ्यात आधी जात वैधता. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी लागते. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. जुना पुरावा लागतो आणि तारखा पाठ असू द्या: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीची, तुमच्या आजोबा-पणजोबांची जात लिहिलेली नोंद हवी. आपल्याकडे ती बहुतेकदा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा कोतवाल बुकाच्या नकलेत सापडते. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठे हलवलं हे शोधायलाच पंधरा दिवस जातात.

नाव जुळत नाही ही दुसरी डोकेदुखी. आजोबांचं नाव एका कागदावर "सदाशिव", दुसऱ्यावर "सदू", आधारवर आडनावच वेगळं. वंशावळ आणि शपथपत्र लागतं. हे काम घरातल्या सगळ्यात शांत माणसावर सोपवा.

मग नॉन-क्रिमीलेयर. राज्याच्या प्रवेशासाठी तो दाखला त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७. जुना दाखला घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तारीख उघडून बघा.

खबरदारी: आयआयटी, एनआयटीच्या जोसा प्रवेशाला राज्याचा दाखला चालत नाही. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दोन्हींना केंद्राच्या नमुन्यातला आणि त्याच वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला दाखला लागतो. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही पाहावं लागतं. राज्यात एसईबीसीमध्ये असलेल्यांना तिथे तो प्रवर्गच नाही. मार्चमध्ये उत्साहाने काढून ठेवलेला केंद्राचा दाखला एप्रिलमध्ये रद्दी होतो.

बाकी रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं ही सेतूतली नेहमीची कामं. प्रत्येक कागद स्कॅन करून आईच्या आणि तुमच्या अशा दोन फोनमध्ये ठेवा. एक फोन नेमका त्याच आठवड्यात पाण्यात पडतो.

टप्पा ४: वाट आणि परीक्षा ठरवा

पहिली वाट इंजिनिअरिंगची. इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल, केमिकल आणि इंडस्ट्रियल या शाखांमधून सिस्टिम्सकडे सरळ रस्ता जातो. नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईई मेन द्यावी लागते, आणि एनआयटी असल्यामुळे तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. नागपूरच्या ट्रिपल आयटीला हा राज्याचा वाटा नाही. दोन्हींचा कटऑफ एकाच चष्म्याने वाचू नका. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर इथली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि खासगी कॉलेजं मुख्यतः एमएचटी-सीईटीवर भरतात.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एक लक्षात घ्या. जेईई मेन मराठीतून देता येते, जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मराठीतून मिळतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. त्यामुळे गणिताचे शब्द अकरावीपासून इंग्रजीत वाचायची सवय लावा. "अवकलन" म्हणजे "डिफरन्सिएशन" हे परीक्षेच्या खोलीत आठवण्यात मिनिटं जातात.

दुसरी वाट बी.एस्सी.ची, आणि खेड्यातल्या हुशार पण पैशाची ओढाताण असलेल्या मुलांना मी हीच आधी सुचवतो. गणित मुख्य, जोडीला संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या चांगल्या कॉलेजात फी कमी, घर जवळ. पुढे आयआयटीच्या एम.एस्सी.ला जॅम परीक्षा, नाहीतर दिल्ली-पुण्याकडची प्रवेश परीक्षा. या वाटेची अडचण एकच: तीन वर्षं कोणी मागे लागत नाही. स्वतःच्या मागे स्वतः लागणारं पोरगं असेल तरच.

तिसरी वाट आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था. पुण्याच्या आयसरला पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकवतात, मग दिशा निवडायची. त्यासाठी आयसरची स्वतःची परीक्षा असते: जीव, रसायन, गणित, भौतिक मिळून ६० प्रश्न, २४० गुण. जीवशास्त्र सोडलेली मुलं या परीक्षेकडे बघतच नाहीत. एकदा जुना पेपर सोडवून बघा आणि मग ठरवा.

आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्स ही जोडीला घ्यायची गोष्ट. दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ पासून परवानगी दिली आहे. पण पहिल्याच वर्षी एका बैलाला दोन गाड्या जुंपू नका. मुख्य पदवीचं एक सेमिस्टर नीट पार पडू द्या.

टप्पा ५: अभ्यासक्रम उघडा, शांतपणे

या टप्प्यावर एक पूर्ण रविवार घाला. आधी हे बघा की कॉलेज संलग्न आहे की स्वायत्त. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांचा अभ्यासक्रम विद्यापीठाचाच असतो. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या अशा दोन कॉलेजांचे अभ्यासक्रम समोरासमोर ठेवण्यात वेळ घालवू नका, ते सारखेच निघणार. तिथे फरक शिकवणाऱ्यांत आहे, तो टप्पा ६ मध्ये. स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो, तो मात्र एकेकाचा वाचावा लागतो.

आता सहा विषय शोधा: लिनियर अल्जिब्रा, डिफरेन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी, ऑपरेशन्स रिसर्च किंवा ऑप्टिमायझेशन, कंट्रोल किंवा डायनॅमिकल सिस्टिम्स, आणि प्रोग्रामिंगसकट सिम्युलेशन. पेनाने खुणा करा. पाच किंवा सहा सापडले तर कॉलेज यादीत ठेवा. चार असतील तर उरलेले दोन बाहेरून भरून काढता येतात का ते बघा. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळांवर हे विषय शिकता येतात आणि कॉलेज तयार असेल तर त्याचे क्रेडिटही धरले जातात. तीन किंवा कमी असतील तर पुस्तिका कितीही गुळगुळीत असो, बाजूला ठेवा.

विषयासमोर ३-१-० किंवा ३-०-२ असे आकडे दिसतील. पहिला आकडा तासिकांचा, दुसरा ट्युटोरियलचा, तिसरा प्रॅक्टिकलचा. सिम्युलेशनसमोर तिसरा आकडा शून्य असेल आणि त्याची लॅब वेगळी दाखवलेली नसेल तर तुम्ही पोहायला पुस्तकातून शिकणार आहात.

मग इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचे विषय. माझ्या मते बहुतेक मुलं इथे फसतात. यादीत बारा-पंधरा सुंदर विषय छापलेले असतात: सिस्टिम मॉडेलिंग, गेम थिअरी, नेटवर्क सायन्स. प्रत्यक्षात पुरेशी मुलं जमली नाहीत किंवा शिकवायला माणूस नसला की विषय चालत नाही, आणि सगळा वर्ग त्याच दोन नेहमीच्या विषयांत बसतो. छापलेला विषय आणि चाललेला विषय यात हुरडा आणि हुरड्याच्या फोटोइतकं अंतर असतं. म्हणून इलेक्टिव्ह मोजताना पेन्सिल वापरा, शाई कॉलेजला जाऊन आल्यावर.

शेवटी मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. "व्याख्या लिहा", "फरक सांगा", "टीप लिहा" एवढंच विचारलेलं असेल तर वर्षभर तेच शिकवलं जाणार. "दिलेल्या साठ्याचं समीकरण मांडा आणि सोडवा" असं काही दिसलं तर त्या कॉलेजच्या नावाखाली दोन रेघा मारा.

खबरदारी: नवीन नावांच्या शाखांना भुलण्याआधी हीच सहा विषयांची चाळणी लावा. एआय आणि डेटा सायन्सच्या कोर्समध्ये प्रोबॅबिलिटी आणि लिनियर अल्जिब्रा सापडतं, कंट्रोल आणि डायनॅमिकल सिस्टिम्स बहुधा सापडत नाही. मला विचाराल तर जुन्या शासकीय कॉलेजातली इलेक्ट्रिकल मी नवीन नावाच्या शाखेच्या वर ठेवीन. घरच्यांना हे पटवणं हा मात्र वेगळाच टप्पा आहे.

टप्पा ६: आडवारी, दुपारी तीन वाजता कॉलेजला जा

प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा मांडव असतो, पाण्याच्या बाटल्या असतात आणि गोड बोलणारी माणसं असतात. जानेवारी-फेब्रुवारीत, बुधवारी किंवा गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर जा. सोबत एकच मोठं माणूस. पाच-सहा जण गेलात तर गेटवरच पाहुणचार होतो आणि आतलं काही दिसत नाही.

आधी लॅब. एका कॉलेजात मी पाहिलं ते सांगतो. चाळीस संगणक ओळीने मांडलेले, प्रत्येकावर कंपनीचं प्लास्टिकचं आवरण तसंच, आणि त्या प्लास्टिकवर धूळ. भिंतीवर सॉफ्टवेअरची यादी लॅमिनेट करून लावलेली. मी तिथल्या पोराला विचारलं, यातलं कोणतं चालवलंस? तो हसला आणि दाराकडे बघायला लागला. मॅटलॅबचा परवाना महाग असतो, तो नसेल तर कॉलेज नाकारू नका. पायथन, ऑक्टेव्ह, सायलॅब फुकट आहेत आणि शिकायला पुरतात. प्रश्न इतकाच की कोणी काही चालवतं का. की-बोर्डवरची अक्षरं पुसट झालेली दिसली की मला बरं वाटतं.

मग विभागात जाऊन नम्रपणे तीन गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत कोणकोणते इलेक्टिव्ह खरोखर चालले? कंट्रोल आणि ऑपरेशन्स रिसर्च कोण शिकवतं? ते सर किंवा मॅडम कायम आहेत की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी शिकवतात असं अजिबात नाही; माझे काही सगळ्यात चांगले शिक्षक त्याच तत्त्वावर राबले. पण त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, सेमिस्टरचा अर्धा भाग विषय रिकामा राहू शकतो, आणि तुमच्या तिसऱ्या वर्षाला ते तिथे असतीलच असं नाही.

पुढचं विभागप्रमुखांना विचारू नका, कँटीनमधल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. "या आठवड्याचं वेळापत्रक दाखवता का?" फोनवर लगेच दाखवतात. त्यातले किती तास झाले ते विचारा. मंगळवारी अकराला सिम्युलेशनची लॅब लिहिलेली आहे आणि मंगळवारी अकराला ते कँटीनमध्येच असतात, एवढं कळलं तरी भाडं वसूल झालं.

मुलगी असेल तर वसतिगृह, तिथलं पाणी आणि गावाकडची शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे लॅबइतकंच महत्त्वाचं. साडेपाचला शेवटची गाडी आणि लॅब पावणेसहाला सुटणार असेल तर ती लॅब तिच्यासाठी नाहीच.

तपासा: परत येताना बसमध्येच तीन ओळी लिहा. काय चालतं, कोण शिकवतं, काय खटकलं. घरी पोहोचेपर्यंत सगळी कॉलेजं सारखी वाटू लागतात.

टप्पा ७: पैशाचं गणित, ऑगस्टचं

फीचा आकडा कॉलेजच्या फलकावरून नाही, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथे कॉलेजनिहाय मंजूर फी असते. त्यावर कोणी "इतर" म्हणून काही सांगत असेल तर पावती मिळेल का एवढंच विचारा, पुष्कळदा तो विषय तिथेच संपतो.

आपल्याकडची अडचण आकड्यापेक्षा वेळेची असते. प्रवेश जुलै-ऑगस्टात. तेव्हा पेरणी, खत, निंदण यात हात रिकामा झालेला. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे, आंबिया बहाराचा संत्रा त्याच सुमारास, मृग बहार त्याच्याही नंतर. म्हणून वर्षाची बेरीज करण्याआधी फक्त ऑगस्टची बेरीज करा: प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम, खोलीचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना, गादी-बादली, येणं-जाणं. ही रक्कम एप्रिलमध्येच बाजूला निघाली पाहिजे.

महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, शिवाय अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि जमातीसाठी स्वयम या योजना, यांच्या अटी आधी वाचून ठेवा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून लागू आहे. टीएफडब्ल्यूएस नावाच्या जास्तीच्या जागांवर ट्युशन फी माफ असते, तिथेही उत्पन्नाची अट आठ लाखांचीच. या सवलती कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर त्या विसरा.

शिष्यवृत्तीचे पैसे येतात, पण त्यांच्या सोयीने येतात. पहिल्या वर्षाची मेस त्यांच्या भरवशावर लावू नका.

टप्पा ८: ऑप्शन फॉर्म

कटऑफच्या तक्त्यात प्रवर्गाचे संकेत असतात. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठीची. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीची जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्य पातळीची. होम युनिव्हर्सिटी गाव कुठलं यावरून ठरत नाही. बारावी कुठून झाली यावरून ठरते. लातूरला बारावी केलेला अमरावतीचा मुलगा अमरावती विद्यापीठाच्या एच जागांवर बसत नाही, आणि हे त्याला फॉर्म भरल्यावर कळतं. तुमच्या योग्य स्तंभातलाच आकडा बघा, शेजारचा नाही.

क्रम लावताना आवडीनेच लावा. "आपल्याला लागेल ते वर, लागणार नाही ते खाली" ही दरवर्षीची चूक. वरचं नाही मिळालं तर संगणक खाली सरकतो, तुमचं काही नुकसान होत नाही. नुकसान होतं ते नको असलेलं वर टाकल्याने. २०२५-२६ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला की तो स्वीकारणं बंधनकारक होतं, पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. नियम दर वर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षाची माहिती पुस्तिका छापून घ्या आणि वरच्या सहा पर्यायांत "चालेल" अशा एकाही कॉलेजला जागा देऊ नका. तिथे फक्त सहा विषयांच्या चाळणीतून उतरलेलं आणि दुपारी तीनला पाहून आलेलं.

फॉर्म शेवटच्या रात्री भरायचा नाही, हे मी सांगतो आणि दर वर्षी शेवटच्या रात्रीच लोक येतात. पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत नाही, आपल्या डायरीत. ओटीपीचा फोन चार्ज करून जवळ ठेवा. आमच्याकडे पावसात वीज गेली की टॉवरही जातो. भरून झाल्यावर फॉर्म नक्की केल्याची प्रिंट काढा आणि त्यावरचे पहिले दहा पर्याय आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. शाखेचा संकेत चुकला की इलेक्ट्रिकलच्या जागी सिव्हिल येतं, आणि ते ऐकतानाच कानाला खटकतं.

प्रवेश झाल्यावर मूळ कागदपत्रं कॉलेजने पाहून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे. "राहू द्या इथे" म्हणाले तर त्या नियमाचा उल्लेख करा आणि हात पुढे करा. आणि पहिल्याच आठवड्यात विभागात जाऊन मायनर (जोडविषय) आणि इलेक्टिव्हची नोंदणी कधी, किती मुलं लागतात हे लिहून आणा. तुम्हाला हवा असलेला विषय चालायला वीस मुलं लागत असतील, तर उरलेली एकोणीस शोधायला तुमच्याकडे दीड-दोन वर्षं आहेत.